नसलेल्या देशाच्या मतदानाची सुट्टी

अन्याय झाला तो आमच्या पेस्ट्री किचनमधल्या मावशीवर. झाला मंगळवारी दुपारी, लंचची भांडी धुवायला गेली होती आणि दुपारच्या अस्र नमाजाची बांग अजून व्हायची होती तेव्हा. केला दुबईतल्या आमच्या हॉटेलच्या एचआर मॅनेजरनं. आणि मला जास्त झोंबलं ते हे, की हा माणूस ठाण्याचा, गणपतीत ऑफिसभर मोदक वाटणारा.

मी साक्षीदार आहे. व्हिसाच्या मेडिकलचं विचारायला मी त्याच्यासमोरच बसले होते. मावशी ॲप्रनला हात पुसत आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, शनिवार-रविवार सुट्टी पाहिजे. आमच्याकडे निवडणूक आहे."

"आमच्याकडे म्हणजे कुठं?"

"सायप्रस. उत्तरेकडचं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "उत्तरेकडचं? तो देश कुठाय? यूएनमध्ये नाही, कशात नाही. जो देशच नाही, तिथं निवडणूक कसली?" मग माझ्याकडे वळून मराठीत, "काय हो, खरं की नाही?" जणू दोघांत वाटून खायचा विनोद.

मी हसले नाही. मावशीही हसली नाही. ती म्हणाली, "तरी आम्ही मत देतो, सर."

"आणि रविवारी ब्रंचला तुमच्या काउंटरवर कोण उभं राहणार? नाही जमणार. पुढच्या वेळी आधी सांगत जा."

आधी सांगत जा! अहो, निवडणूक मुदतपूर्व होती. तिकडे आघाडी फुटली, सरकार पडलं, संसदेनं मुदतीच्या आत निवडणूक लावली. आमच्या रजांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर चिकटतो. त्यात काय लिहायचं होतं तिनं? 'आमचं सरकार पडण्याचा संभव आहे, तरी दोन दिवस मिळावेत'?

ज्यांना हे बेट नकाशावरही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायप्रसचे दोन तुकडे झालेत. दक्षिणेला ग्रीक बोलणारे, उत्तरेला तुर्की बोलणारे, मधे तारा आणि पहारा. उत्तरेनं आपलं वेगळं राज्य जाहीर केलं, पण एकटा तुर्कस्तान सोडला तर त्याला कुणी देश मानत नाही. तिथं सरळ जाणारं विमान नाही, आधी तुर्कस्तानात उतरावं लागतं. मावशीचं मत पोस्टानं जात नाही, ते गावच्या शाळेत स्वतः उभं राहून द्यावं लागतं. बेट कुणी मोडलं यावर मी इथं भांडणार नाही. दोन्हीकडची माणसं घरं टाकून पळाली, एवढं मावशीनंच मला सांगितलंय, आणि सांगताना बाजू घेतली नाही.

मावशी हे मी तिला दिलेलं नाव. तिच्या भाषेत मावशीला तेय्झे म्हणतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनं मला सांगितलं, मॅडम म्हणू नकोस, तेय्झे म्हण. तेय्झेचा अर्थ कळल्यावर मी सरळ मावशी म्हणायला लागले. आमचं बोलणं इंग्रजी, किचनची हिंदी आणि दोन-चार अरबी शब्द अशा मिसळीत चालतं. इथं मी ते मराठीत लिहितेय, कारण मला तसंच आठवतं.

तर मावशी एचआरमधून निघाली ती मागच्या जिन्यात जाऊन बसली. मी मागोमाग. मला वाटलं रडेल. ती रागानं लाल झाली होती.

"माझं मत एक नाही, दोन आहेत," ती म्हणाली. "आईचं पाऊल आता नीट पडत नाही. ती माझा हात धरूनच शाळेत जाते. काल फोनवर म्हणाली, तू आलीस तर जाईन, शेजारणीबरोबर जाणार नाही. मागच्या वेळी मला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा ती खरंच गेली नाही. दिवसभर दारात बसून राहिली."

"पण मावशी, जग मानतच नसेल तर..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"जग आम्हाला मोजत नाही गं. निदान आमच्या शाळेत तरी मोजतात."

माझं डोकं फिरलं. मी कोल्हापूरकडची, कॉलेजात चळवळीत वाढलेली. आमची एक ताई होती, तिनं पत्रक लिहायला शिकवलं. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि केव्हा, शेवटच्या ओळीत मागणी काय, मधे काय घालायचं ते घाल. आता मी दुबई मरीनातल्या या हॉटेलात मेनूकार्डं लिहिते, 'मंद आचेवर भाजलेलं' वगैरे. पण हात अजून तोच आहे. मी म्हणाले, "मावशी, मी पत्रक काढते!"

"इथं? वेड लागलंय का तुला? मला मत द्यायचंय, डिपोर्ट व्हायचं नाहीये."

खरं होतं. या देशात पत्रक वाटायचं नसतं. मग अडचण फोडायची कशी? मी साहेबाची वाक्यं वेगळी करून बघितली. एक होतं, देशच नाही. त्याला उत्तर माझ्यापाशी नव्हतं, यूएनपाशीही नाही. दुसरं होतं, काउंटरवर कोण उभं राहणार. याला उत्तर होतं. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टीची अदलाबदल किचनचा मोठा शेफ ठरवतो, त्यात एचआर पडत नाही. मावशीचा ऑफ सोमवारचा. शनिवार आणि रविवार तिला कुणीतरी द्यायला हवे होते.

रविवार ज्याचा ऑफ होता तो बेकरीतला वसईकर. आमच्यात वयानं मोठा, कॅथलिक, चर्चमधली सकाळची मिस चुकवायची नाही म्हणून रविवार त्यानं भांडून मिळवलेला. शनिवार होता तळणीवरच्या चिपळूणकराचा. हा नाकात बोलतो आणि दिसेल त्या वस्तूची किंमत रुपयांत करून मोठ्यानं हळहळतो. मी दोघांना गाठलं. चिपळूणकर लगेच हो म्हणाला. वसईकर म्हणाला, "मिस संध्याकाळची पण असते. पण मला तिचं ते लोकमा येत नाही. मी काउंटरवर उभा राहून काय करू, गाणं म्हणू?"

लोकमा म्हणजे मावशीचा हुकमाचा एक्का. आंबवलेल्या पिठाचे लहान गोळे तळून पाकात टाकायचे, गिऱ्हाइकासमोर, गरमागरम. इमिराती बायका त्याला आमचं लुकैमात म्हणतात आणि मावशीशी त्यावरून गोड भांडतात.

मोठा शेफ लेबनॉनचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "हबीबी, काउंटर भरलेला दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. गुरुवारी मला लोकमा करून दाखवा. चुकलं तर खलास."

बुधवारी दुपारी आम्ही अल कुसैसला आमच्या स्टाफ बिल्डिंगच्या मेसमध्ये जमलो. मावशीनं पीठ भिजवून आणलं होतं. तिनं डाव्या मुठीत पीठ घेतलं, मूठ आवळली, अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा वर आला, ओल्या चमच्यानं कापून तेलात. टुपुक. चिपळूणकरानं केलं तर तेलात शेपटीवाला बेडूक पडला. दुसरा बेडूक. तिसरा तर पिठासकट चमचाच.

"अरे बाबा, प्राणीसंग्रहालय काढतोस का?" मी म्हणाले.

"तू कर ना! मेनूकार्डवर सगळं सोपं असतं."

वसईकर तोवर नुसता बघत होता. मग त्यानं बाही वर केली, मूठ भरली आणि एकामागून एक गोल, सारखे, फुगून वर येणारे गोळे सोडायला लागला. मावशी बघतच राहिली.

"हे तर आमचे फुगे!" वसईकर ओरडला. "लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बायका हेच करतात! फक्त आम्ही पाकात नाही बुडवत, मटणाबरोबर खातो. मला काय माहीत, हे लोकमा म्हणजे आपले फुगे!"

"मटणाबरोबर?" मावशीनं कपाळाला हात लावला. मग एक फुगा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तुझी आई सायप्रसची आहे. तिला विचार."

लोकमा सुटला. मग पाळी मावशीची. तिकडची मतपत्रिका म्हणजे चादर. एका पक्षावर शिक्का मारून मोकळं व्हा, नाहीतर वेगवेगळ्या पक्षांतली माणसं निवडा. पण निवडायची तर ठरलेल्या मर्यादेत. कमी झाली तर मत बाद, जास्त झाली तर मत बाद. मावशीला निवडायचीच होती. एका पक्षात तिचा शाळूसोबती, दुसऱ्यात गावची डॉक्टरीण. आणि आईचं मत बाद होता कामा नये.

"मग सराव घेऊ," मी म्हणाले. मी जुन्या मेनूकार्डांच्या पाठी जोडून मतपत्रिका केली. पक्ष चार: कोकण, वसई, कोल्हापूर, सायप्रस. उमेदवार: सोलकढी, फुगे, तांबडा रस्सा, लोकमा आणि प्रत्येकाचे साथीदार. मसाल्याच्या कपाटामागे मतदान कक्ष. मी केंद्राध्यक्ष, आवाज चढवून, "पुढे या, गर्दी करू नका," असं म्हणणारी. मावशीचं पहिलं मत बाद झालं, कारण तिनं लाजेपोटी सगळ्यांना एकेक खूण केली.

"मावशी, अशानं कुणीच निवडून येत नाही!"

"पण तांबडा रस्सा नाराज होईल ना."

दुसऱ्यांदा बरोबर आलं. तिसऱ्यांदाही. आणि इथंच मी चूक केली. निवडणूक म्हणजे बोटाला शाई, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की शाईशिवाय मला ते मतदान वाटेना. "शाई पाहिजे," मी म्हणाले. चिपळूणकर खालच्या दुकानात जाऊन मेंदीचे दोन कोन घेऊन आला, आणि आल्या आल्या, "पाच दिरहमचा एक! म्हणजे शंभरावर रुपये! गावाला परसात फुकट आहे!" मी सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर, नखापासून खाली, ठसठशीत रेघ ओढली. मावशीला ती इतकी आवडली की तिनं रात्रभर धुतली नाही. उरलेला कोन पर्समध्ये टाकला.

गुरुवारी शेफनं सहा लोकमे खाल्ले आणि बोटं चाटत म्हणाला, "यल्ला, जा."

शनिवारी पहाटेच्या विमानानं मावशी गेली. दुपारी मी मेनूकार्डं लावत होते आणि माझं लक्ष माझ्याच बोटावर गेलं. नखावर गर्द तपकिरी रेघ. शाईचं बोट म्हणजे काय? मत देऊन झालं! आम्ही मावशीला मत देण्याआधीच मत दिलेली करून पाठवलं होतं.

मी तळणीकडे धावले. "अरे, शाई!"

चिपळूणकरानं बोट बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आयला!"

"तिथं शाई लावत असतील तर?"

"लावत असतील तर हाकलतील तिला."

आम्ही मेसेज केला: बोट घास. लिंबू, मीठ, टूथपेस्ट, हवं ते लाव. उत्तर इस्तंबूलवरून आलं: का घासू? विमानात तीन बायकांनी विचारलं कुठं काढली म्हणून. मी शाईचं समजावून लिहिलं. तो मेसेज पोचला नाही. फोन बंद. दोन मतांसाठी एवढी उठाठेव केली आणि शेवटी मीच ती घालवणार की काय, या विचारानं त्या दिवशी मी सूपच्या कार्डावर 'मंद आचेवर भाजलेलं' असं लिहिलं. शेफनं ते वाचून मला घरी जा म्हणून सांगितलं.

रविवारी ब्रंचला वसईकर काउंटरवर. पांढरा कोट, गळ्यात क्रूस, मूठ चाललेली, टुपुक टुपुक. रांग लागली. एका इमिराती आजींनी मावशी दिसते का ते बघितलं, दोन लोकमे खाल्ले आणि वसईकराला म्हणाल्या, "तूही आमचाच." बाजूला तळणीचं तेल सांभाळायला चिपळूणकर, पुढे बशा द्यायला मी. आणि रांगेत कोण? एचआर साहेब, बायको आणि मुलीसह.

मुलीनं लोकमा खाल्ला आणि इंग्रजीत म्हणाली, पप्पा, हे मागच्या वेळेपेक्षा छान आहेत. साहेबांनी मान हलवली. मग काउंटरमागे नीट बघितलं. "ती कुठाय? सायप्रसवाली?"

वसईकरानं हातातला गोळा शांतपणे तेलात सोडला आणि म्हणाला, "असेल इथंच कुठंतरी, सर. देशच नाही म्हटल्यावर ती जाणार कुठं?"

चिपळूणकर तेलाच्या कढईमागे खाली वाकला तो वर येईना. साहेबांच्या बायकोनं विचारलं, काय झालं? साहेबांचा चेहरा लाल, मग हसूही येतंय आणि येऊ नये असंही वाटतंय असा. शेवटी त्यांनी बशी पुढे केली. "अजून चार द्या." चार दिले. मी मुद्दाम पाक जास्त घातला.

फोन आला तो ब्रंच उतरल्यावर. स्पीकरवर टाकून आम्ही तिघं कोल्ड रूमच्या दारात दाटीनं उभे राहिलो. आधी नुसता गलका. मग मावशी.

"ऐका! केंद्रावर माझे जुने गणिताचे मास्तर बसलेत. पासपोर्ट बघितला, यादी बघितली, मग माझं बोट बघितलं. म्हणाले, हे काय? शाई? पूर्वी तुर्कस्तानात लावायचे तशी? कुठं मत देऊन आलीस?"

"मग? मग?" मी.

"मी म्हटलं, दुबईत दिलं. फुग्यांना."

इकडे वसईकरानं हवेत मूठ उडवली.

"ते म्हणाले, निवडून आले का? मी म्हटलं, नाही, पहिल्या वेळी माझं मत बाद झालं. सगळं केंद्र हसलं. इथं आता बोटाला काही लावत नाहीत गं, वेडे! मास्तरांनी मेंदी हुंगून बघितली आणि पत्रिका दिली. आईनं माझा हात धरला, पडद्याच्या तोंडापर्यंत. तिथं म्हणाली, आता सोड, आत एकटीनं जायचं असतं."

चिपळूणकरानं फोन आणखी जवळ ओढला.

"बाहेर आली आणि म्हणाली, मलाही लाव ते. मी मत दिलंय, माझ्या बोटावर का नाही? मग शाळेच्या पायरीवर बसून मी तिला लावली. मग शेजारणीला. मग त्या डॉक्टरीणबाईला. आता रांग लागलीय. कोन संपत आलाय!"

"मी सांगत होतो, दोन्ही कोन ने म्हणून!" चिपळूणकर ओरडला. त्यानं असं काही सांगितलं नव्हतं.

फोटो आला. शाळेची पायरी, पाठीमागे संत्र्याची झाडं, आणि दहा-बारा बायका डावी तर्जनी वर करून उभ्या. मधे एक कृश म्हातारी, डोक्याला रुमाल, तिचं बोट सगळ्यांत उंच. हे राज्य नाही म्हणे. मला तर त्या पायरीवर नसलेलं काहीच दिसेना.

सोमवारी संध्याकाळी मावशी संत्री आणि हेल्लिम चीज घेऊन आली. मेसमध्ये चीज तव्यावर भाजलं, बरोबर फुगे, वसईकराच्या हट्टानं मटणाबरोबर. कोण जिंकलं ते मी बातम्यांत वाचलंच होतं, पण तिनं कुणाला दिलं ते मी तीन वेळा विचारलं. शाळूसोबत्याला? डॉक्टरीणबाईला? मावशीनं फुगा रश्शात बुडवला आणि म्हणाली, "मतदान गुप्त असतं. केंद्राध्यक्ष तूच ना?"

मंगळवारी साहेब पेस्ट्रीत आले. मावशीच्या टेबलावर संत्र्यांची परडी होती. तिनं एक संत्रं पुढे केलं. त्यांनी घेतलं, हातात फिरवलं. "कुठलं?" विचारून बसले, आणि विचारल्यावर स्वतःच हसले. ती म्हणाली, "खाऊन सांगा, सर." त्यांनी तिथंच उभ्यानं सोललं. पण पुढच्या वेळी सुट्टी देणार का, हे काही बोलले नाहीत. आणि पुढची वेळ येणार आहे, तिकडची सरकारं काही फार टिकत नाहीत.

म्हणून मी आता ताईनं शिकवल्याप्रमाणे शेवटच्या ओळीवर येते. तुमच्या ऑफिसात, किचनात, साइटवर कुणीतरी मतदानाला जायचंय म्हणून दोन दिवस मागेल. तुम्ही रजा देणारे असाल तर कुठला देश, असं विचारू नका, रजा द्या. रजा देणारे नसाल तर तुमचा ऑफ तिला द्या आणि तिच्या जागी उभे राहा. काम येत नसेल तर आत्ताच शिकून घ्या.